रोडग्याचा नवस: भवानीच्या दारातले विडंबन

तुळजापूरच्या भवानीला मराठी मुलखाने शतकानुशतके हाक मारली आहे. गोंधळ, जोगवा, आरत्या, दळणाच्या ओव्या ही त्या हाकेची रूपे. त्यांच्याच पंगतीला एक असे गाणे बसले आहे, ज्यात ही हाकच थट्टेचा विषय होते. ते म्हणजे संत एकनाथांचे ‘रोडगा’ या नावाने ओळखले जाणारे भारूड. सासरच्या माणसांना विटलेली एक सून भवानीआईला नवस बोलते. सासरा, सासू, जाऊ, नणंद, नवरा अशा एकेकाचा निकाल लाव, म्हणजे तुला रोडगा वाहीन, असे ती देवीला कबूल करते. नवस जसा बोलला जातो त्याच ढंगाने केलेली ही नवसाची नक्कल आहे. ती चारशे वर्षे गायली जाते आहे आणि गाणारे-ऐकणारे बहुतेक सगळे भवानीला मानणारेच आहेत. देवीच्या नवसाची अशी उघड टवाळी देवीच्याच भक्तांनी का जपली? गाण्याचा खरा अर्थ आध्यात्मिक आहे म्हणून, असे उत्तर सहसा दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. नुसता गूढार्थच जपायचा असता, तर त्यासाठी कितीतरी गंभीर पदे हाताशी होती. हे भारूड टिकले याचे कारण त्याच्या घडणीत आहे असे मला वाटते. त्याने देवीच्या गाण्याचा साचा जसाच्या तसा राखला आणि त्यात देवीला हसण्याऐवजी मागणाऱ्याला आरसा दाखवला. संगीतातले विडंबन टिकायचे असेल, तर मूळ गाण्यावर हुकमत आणि माया दोन्ही लागतात, हे या एका उदाहरणावरून सिद्ध करता येते.

ज्या साच्याची नक्कल झाली तो आधी नीट पाहायला हवा. तुळजापूर बालाघाटच्या डोंगररांगेत, सोलापूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर वसले आहे. देऊळ उतारावर असल्यामुळे भक्त पायऱ्या उतरत आत जातो. वाटेत कल्लोळ आणि गोमुख ही तीर्थे लागतात. १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, पण भक्तांच्या वाटेला ती सरहद्द आडवी आली नाही. कोजागरीला सोलापूरच्या बाजूने पायी येणाऱ्यांची रीघ आजही लागते. या देवीभोवती गाणाऱ्यांचे एक जगच उभे आहे. संबळ आणि तुणतुण्यावर गोंधळ घालणारे गोंधळी, गळ्यात कवड्यांची माळ घालून हाती परडी घेणारे आराधी, पेटता पोत नाचवणारे भुत्ये हे सगळे त्यात येतात. गोंधळ्यांत कदमराई आणि रेणुराई असे दोन भेद सांगतात. कदमराईंचे नाते तुळजापूरशी, तर रेणुराईंचे माहूरच्या रेणुकेशी. रा. चिं. ढेरे यांनी ‘मराठी लोकसंस्कृतीचे उपासक’ या ग्रंथात या मंडळींच्या चालीरीतींची जी नोंद केली आहे, ती वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. या सगळ्या गाण्यांची बांधणी ठरलेली आहे. आधी ठिकठिकाणच्या देवदेवतांना नावाने बोलवायचे, मग देवीचे मोठेपण गायचे, मग आख्यान लावायचे. जोगव्यात हाक, स्तुती आणि मागणे. नवसात हाक, मागणे आणि कबुली. कोणती ओळ कुठे यायची, हे ऐकणाऱ्यालाही पाठ असते. विडंबनाला अशीच भूमी लागते. जे सर्वांना पाठ आहे त्याचीच नक्कल सर्वांना कळते, आणि पुढे काय येणार हे ज्याला ठाऊक असते तोच ते न आल्यावर दचकतो आणि हसतो.

एकनाथांचा काळ साधारणपणे १५३३ ते १५९९ असा मानतात. गाव पैठण, गुरू जनार्दनस्वामी, जे देवगिरीच्या किल्ल्यावर राजदरबारी अधिकारी होते. त्यामुळे पोथी आणि कचेरी या दोन्ही जगांची भाषा एकनाथांच्या कानावर लहान वयातच पडली. ‘एकनाथी भागवत’ आणि ‘भावार्थ रामायण’ लिहिणारा, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करणारा हा पंडित भारुडांत मात्र रस्त्यावरच्या माणसांच्या तोंडाने बोलतो. वासुदेव, जोशी, पिंगळा, गोंधळी, कोल्हाटीण, फकीर, महार असे कितीतरी आवाज त्याने घेतले. नावावर असलेली भारुडे तीनशेच्या आसपास मोजली जातात. त्यांत अर्जदस्त, अभयपत्र, ताकीदपत्र अशी कागदपत्रांची सोंगेही आहेत. परगण्याचा अंमलदार वरिष्ठाला ज्या फारसीमिश्रित थाटात अर्ज करी, त्याच थाटात जीव परमेश्वराला शरीर नावाच्या गावाचा हिशोब देतो. त्या काळच्या रयतेला अशा अर्जांची भाषा परिचयाची होती आणि तिचा धाकही होता. तीच भाषा कीर्तनात ऐकताना धाक उतरत असेल आणि अर्थ चढत असेल. यावरून एकनाथांची पद्धत स्पष्ट दिसते. ते चलनात असलेला साचा उचलतात, त्याचा ढंग, ताल आणि शब्दांची ठेवण काटेकोर राखतात आणि आतला माल बदलतात. रोडग्याचे भारूड हा या पद्धतीचा सर्वांत धाडसी प्रयोग आहे, कारण इथे साचा कचेरीतला नाही, देव्हाऱ्यातला आहे.

देवीच्या साच्यात एकनाथांनी दोन प्रकारे काम केले आणि ती दोन्ही कामे शेजारी ठेवल्याशिवाय रोडग्याचे मर्म कळत नाही. त्यांचा जोगवा प्रसिद्ध आहे. नवरात्रात आराधी आणि भजनी मंडळे तो आजही गातात. त्यात जोगव्याचे सगळे सामान आहे. परडी आहे, माळ आहे, झेंडा आहे, महिषासुराचा वधही आहे. पण असुर मोहाचा आहे, झेंडा बोधाचा आहे आणि मागणे धान्याचे नसून विवेकाचे आहे. मागणारा इतक्या उंचीवर आहे की ऐकणाऱ्याला त्याच्याबद्दल आदर वाटावा. रोडग्यात तीच देवी आहे, तीच मागण्याची बांधणी आहे, पण मागणारी घरातली गांजलेली सून आहे. तिची मागणी कडव्यागणिक चढत जाते. परगावी गेलेला सासरा तिकडेच राहावा, सासूचा जाच कायमचा मिटावा, बडबडी जाऊ विधवा व्हावी, नणंदेच्या पोराला खरूज व्हावी, आणि शेवटी नवऱ्याचीही आहुती पडावी. या बदल्यात कबूल काय केले आहे, तर रोडगा. कणकेचा जाड गोळा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून केलेला, गरिबाच्या घरी सहज होणारा नैवेद्य. सारे घर निजधामाला धाडण्याची किंमत एक रोडगा! हे विजोड प्रमाण हाच या गाण्यातला हास्याचा कणा आहे, आणि नवसाच्या व्यवहारावरचा आक्षेपही त्यातच आहे. देवाला काहीतरी देऊन मोठे काम करून घेता येते हे एकदा मानले, की रोडगा देणारी सून आणि सोन्याचा दागिना वाहणारा सावकार यांच्यात फरक फक्त वजनाचा उरतो.

हे गाणे उभे कसे राहते, हे पाहिल्यावर त्याची कारागिरी आणखी कळते. भारूड कागदावर वाचायचे नसते. ते कीर्तनाच्या, भजनाच्या किंवा वारीतल्या मुक्कामाच्या जागी सोंग आणून करायचे असते. परंपरेने बहुधा पुरुषच लुगडे नेसून, डोक्यावर पदर घेऊन सून होतो. तो कडवे म्हणतो, मागचे टाळकरी ध्रुपद उचलतात. ध्रुपदात देवीची आर्त हाक आणि रोडग्याची कबुली आहे, तर कडव्यात एका नातेवाइकाचा नायनाट आहे. प्रत्येक कडव्यानंतर तीच भक्तिपूर्ण हाक सगळ्यांनी मिळून परतून म्हणायची, त्यामुळे हसणारे श्रोतेही त्या नवसात सामील होतात. सुनेची मागणी आता तिच्या एकटीची राहत नाही. साऱ्या मंडळींनी ती आपल्या तोंडाने उच्चारलेली असते. मग भारूड करणारा थांबतो आणि निरूपण सुरू करतो. कुणी सासऱ्याला अहंकार म्हणतो, कुणी सासूला माया, कुणी नणंदेच्या पोराला कामक्रोधाची किरकिर. ही मांडणी निरूपणकारागणिक बदलते. सासू, सासरा, जाऊ, नवरा मात्र कायम राहतात. म्हणजे गाण्याचा टिकाऊ भाग त्याचे वरवरचे हास्यच आहे. अखेरच्या कडव्यात सगळेच जावेत आणि आपण एकटीच उरावी, अशी मागणी येते. संसाराच्या पातळीवर तो स्वार्थाचा कळस आहे; वेदान्ताच्या पातळीवर तेच सर्व उपाधी गळून पडल्यावर उरणारे एकपण आहे. एकाच ओळीवर दोन्ही अर्थ तोलून धरणे हे मोठ्या कवीचे काम आहे, आणि ते साधले म्हणूनच हसणारा आणि मान डोलावणारा असे दोन वेगळे श्रोते इथे करावे लागत नाहीत.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे विडंबन मुळात भित्रे आहे. नवस ही अंधश्रद्धा असेल, तर ती सरळ खोडून काढावी. आध्यात्मिक अर्थाची ढाल पुढे करून हसे कशाला करायचे? तुकारामांनी नवसाने मुले होतात या समजाची जी चिरफाड केली ती पाहा, असे हा आक्षेपक म्हणेल. तुकारामांचा तर्क रोखठोक आहे आणि त्याचे मोल मी कमी मानत नाही. पण युक्तिवाद आणि नक्कल यांची कामे वेगळी आहेत. तर्क ऐकणाऱ्याला दोन गटांत विभागतो: पटलेले आणि न पटलेले. ज्याला नवस करायचाच आहे, तो तुकारामांचा अभंग बाजूला ठेवून देवळात जातो. नक्कल मात्र नवस करणाऱ्याच्या तोंडातूनच निघते. तिला बाजूला ठेवता येत नाही, कारण तिच्यात आपलाच सूर ऐकू येतो. देवीपुढे उभे राहून मनातल्या मनात आपण जे मागतो, ते मोठ्याने म्हटले तर कसे ऐकू येईल, हे रोडगा दाखवतो. त्यासाठी देवीचे अस्तित्व नाकारण्याची त्याला गरज पडत नाही. उलट तो नाकारत नाही म्हणूनच मागणी इतकी लाजिरवाणी वाटते. जी खरोखर ऐकते आहे अशा आईपुढे हे बोलायचे? भित्रेपणाचा आरोप त्यामुळे टिकत नाही. एकनाथांच्या प्रसिद्ध चरित्रकथा विरोधाने भरलेल्या आहेत. श्राद्धाचे अन्न अंत्यजांना वाढल्यावर ब्रह्मवृंदाने धरलेला राग, प्राकृतात पुराण सांगण्यावरून मुलगा हरिपंडित याच्याशी झालेला दुरावा, अशा कथा संतचरित्रकार महिपतींनी अठराव्या शतकात विस्ताराने सांगितल्या. त्या प्रसिद्ध कथांत देवीच्या भक्तांनी या भारुडावरून भांडण काढल्याची एकही कथा नाही. ज्यांची नक्कल केली, त्यांनी ती आपली मानली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हसू कुणाचे होते? सासरी छळ सोसणाऱ्या सुनेचे. तिच्या दुःखाला विनोदाचा विषय करायचा, शिवाय जावेच्या वैधव्याची मागणी करवून विधवांच्या केशवपनासारख्या क्रूर रूढीवर हशा मिळवायचा, आणि हे सारे लुगडे नेसलेल्या पुरुषाच्या तोंडून! या आक्षेपात तथ्य आहे. गाण्यातले शब्द आजच्या कानाला बोचतात आणि बोचावेतही. पण या गाण्याभोवतीची बायकांची गाणी पाहिली, तर चित्र वेगळे दिसू लागते. जात्यावरच्या ओव्यांत सासुरवासाचे गाऱ्हाणे आहे, त्याबरोबर सासू, नणंद, दीर यांच्यावरची तिखट टोलेबाजीही आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी गोळा केलेल्या ओव्यांच्या प्रचंड संग्रहाने हे पुराव्यासह समोर ठेवले. आश्विनात, नवरात्राच्या आगेमागे होणाऱ्या भोंडल्याच्या फेरात तर सासरच्या प्रत्येक नात्याची नाव घेऊन खिल्ली उडते, आणि ती मुली-बायका स्वतः उडवतात. म्हणजे देवीच्याच दिवसांत सासरला हसण्याची मोकळीक स्त्रियांच्या परंपरेत होतीच. एकनाथांनी तो आवाज नव्याने घडवला नाही. घराच्या आत, फेर धरून म्हटला जाणारा राग त्यांनी चारचौघांत, मृदंगाच्या साथीने म्हटला. सुनेचे दुःख खरे आहे म्हणूनच तिचा नवस अतिरेकी आहे. ऐकणाऱ्या सासूलाही त्यात आपले नाव ऐकावे लागते. हे गाणे सासुरवास मोडत नाही, पण तो झाकूनही ठेवत नाही.

तिसरा आक्षेप जातीचा. पैठणचा ब्राह्मण पंडित गोंधळ्याचा, आराध्याचा, महाराचा आवाज घेतो. त्या आवाजाची मालकी कुणाची? एलिनॉर झेलियट यांनी चोखामेळा आणि एकनाथ यांची तुलना करताना हा पेच नीट ओळखला होता. महाराच्या मुखातली एकनाथांची भारुडे त्या माणसाला ज्ञानाचा अधिकार देतात, पण त्याच्या सामाजिक स्थितीविरुद्ध बंड पुकारत नाहीत. दलित चळवळीतल्या अभ्यासकांनी अशा समावेशक भक्तीची मर्यादा वारंवार दाखवली आहे आणि ती मान्य केलीच पाहिजे. तरीही विडंबनाच्या प्रश्नापुरते पाहिले, तर एक फरक महत्त्वाचा ठरतो. वरच्याने खालच्याची नक्कल करायची ती सहसा त्याच्या बोलण्याला, वेशाला, अडाणीपणाला हसण्यासाठी. रोडग्यात किंवा जोगव्यात आराध्याचे बोलणे हास्यास्पद केलेले नाही. त्याचा साचा इतका नेमका आहे की आराध्यांनी एकनाथांचा जोगवा आपल्या परडीत ठेवला. ज्यांचा आवाज उसना घेतला त्यांनीच तो परत आपल्या गळ्यात घ्यावा, याहून मोठी पावती कोणत्या नकलेला मिळणार? ही पावती सामाजिक अन्याय धुऊन काढत नाही, पण नक्कल तुच्छतेतून झालेली नव्हती याचा तो पुरावा आहे.

हीच गोष्ट दूरच्या एका समकालीन उदाहरणाशी ताडून पाहता येते. एकनाथ भारुडे रचत होते त्याच शतकात युरोपातल्या चर्चसंगीतात एक पद्धत जोरात होती. आधी रचलेल्या एखाद्या बहुस्वरी रचनेचे, कधी लौकिक गीताचेही, सूर घेऊन त्यांवर प्रार्थनाविधीचे संगीत रचायचे. संगीताचे इतिहासकार अशा रचनेला ‘पॅरडी मास’ म्हणतात, आणि १५९४ मध्ये वारलेल्या पॅलेस्ट्रिना या इटालियन संगीतकाराने त्या पद्धतीत विपुल लेखन केले. मूळ गीत लौकिक असेल, तर तिथे त्याचे सूर पवित्र शब्दांखाली दडवलेले असत. प्रेमगीताची चाल देवळात ऐकू आली तर लोकांचे ध्यान भलतीकडे जाईल, ही चिंता ट्रेंटच्या धर्मपरिषदेपर्यंत पोहोचली होती. एकनाथांचा प्रवास उलट्या दिशेचा आहे. त्यांनी पवित्र साचा घेतला, तो उघड ठेवला आणि त्यात घरातले भांडण आणून बसवले. तिथे उसनवारी जितकी कमी ओळखू येईल तितकी बरी. इथे ती जितकी जास्त ओळखू येईल तितके गाणे रंगते. म्हणून नुसती चाल उचलणे आणि विडंबन यांत फरक करायला हवा. विडंबनात मूळ गाणे ऐकणाऱ्याच्या मनात सतत चालू राहावे लागते.

हा निकष घेऊन पुढचा मराठी इतिहास पाहिला की कोणते विडंबन जगले आणि कोणते जुने झाले, याचा उलगडा होतो. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्यातून पुढे जे सत्यशोधकी जलसे उभे राहिले, त्यांनी तमाशाची बांधणी घेतली आणि गण-गवळणीच्या जागी समाजाचे प्रश्न आणले; नंतर भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलशांतून तेच हत्यार अधिक धारदार केले. साचा लोकांचा, आशय नवा, हीच ती एकनाथी रीत. फक्त आता ती देवासमोरच्या विषमतेला थेट आव्हान देत होती. गाडगेबाबांनी कीर्तनाची चौकट राखून श्रोत्यांना प्रश्नांवर प्रश्न विचारले आणि नवसाला कापल्या जाणाऱ्या बोकडाची बाजू मांडली. दुसऱ्या बाजूला १९२५ मध्ये आचार्य अत्रे यांचा ‘झेंडूची फुले’ हा विडंबनकवितांचा संग्रह आला आणि रविकिरण मंडळ या कविमंडळाच्या जमान्यातल्या काव्यशैलींची त्यात अशी काही रेवडी उडाली की मराठीत विडंबनकाव्याला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळाली. अत्र्यांची प्रतिभा निर्विवाद आहे. तरी त्यातल्या कित्येक कविता आज समजून घ्यायला मूळ कविता शोधाव्या लागतात, कारण ज्या शैलीला ते हसले ती वाचकांच्या कानातून गेली. रोडग्याला अशा टिपांची गरज पडत नाही. नवस अजून बोलला जातो, जोगवा अजून मागितला जातो, त्यामुळे नक्कल आपसूक कळते. विडंबनाचे आयुष्य त्याच्या लक्ष्याच्या आयुष्याला बांधलेले असते.

विसाव्या शतकात भारूड तबकडीवर आले आणि त्याच्या स्वरूपात मोठा फरक पडला. वाईजवळच्या पसरणीत जन्मलेल्या शाहीर साबळ्यांनी (१९२३–२०१५) एकनाथांचे ‘विंचू’ हे भारूड घराघरांत पोहोचवले, आणि ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमातून गोंधळ, जोगवा, वासुदेव, भारूड हे सारे एका रंगमंचावर आणून शहरी प्रेक्षकांसमोर ठेवले. हे ऋण मोठे आहे. पण तबकडीच्या एका बाजूला मोजकी मिनिटेच मावतात. त्यात चाल, ठेका, गमतीचे उच्चार बसले. निरूपण आणि श्रोत्यांशी होणारी देवाणघेवाण मात्र बाहेर राहिली. ज्या ऐकणाऱ्याने भारूड फक्त असे ऐकले, त्याला ते विनोदी लोकगीत वाटले तर त्यात त्याची चूक नाही. पुढे १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर भारतातल्या ज्या लाटेचे वर्णन केले आहे, तशीच लाट महाराष्ट्रातही आली: गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर देवाचे गाणे. देवीच्या गाण्यांनाही ही रीत चुकली नाही. यात विडंबनाचा हेतू नसतो, पण ऐकणाऱ्याच्या मनात मूळ सिनेगीत वाजत राहते आणि कधी कधी नकळत हसू येते. एकनाथांनी जाणूनबुजून केलेली गोष्ट इथे अजाणता होते, आणि म्हणूनच ती फसते. याच्या उलट डॉ. रामचंद्र देखणे यांनी भारुडावर संशोधन करून ‘बहुरूपी भारूड’ हा कार्यक्रम उभा केला आणि सोंग, गाणे व निरूपण यांची तुटलेली साखळी पुन्हा जोडली. प्रेक्षकांनी त्याला दिलेली दाद पाहता, लोकांना निरूपण नको असते ही समजूत खरी नाही.

आता शेवटचा आणि सर्वांत कठीण आक्षेप. चारशे वर्षे हे भारूड गाऊन फरक काय पडला? तुळजापुरात नवस फेडायला येणाऱ्यांची गर्दी कमी झाली नाही. मग या विडंबनाला यशस्वी का म्हणायचे? या प्रश्नात एक गृहीत दडले आहे: टीकेने आपले लक्ष्य नष्ट केले तरच ती यशस्वी. भवानीचा नवस हा काही फक्त सौदा नसतो. दुष्काळात पाऊस, आजारी मुलाला आराम, लांबच्या प्रवासातून सुखरूप परतणे, अशा ज्या गोष्टी माणसाच्या हाती नाहीत, त्यांच्याबद्दलची व्याकुळता त्यात असते. ती व्याकुळता संपवण्याचा अधिकार कोणत्याच कवीला नाही, आणि एकनाथांनी तो घेतला नाही. त्यांनी त्या व्याकुळतेला चिकटलेला क्षुद्रपणा वेगळा काढून दाखवला. आपले सुख दुसऱ्याच्या अकल्याणावर उभे करण्याची आणि त्यासाठी देवाला कामाला लावण्याची वृत्ती त्यांच्या हास्याचे लक्ष्य आहे. ही वृत्ती दर पिढीत नव्याने जन्मते, म्हणून तिच्यावरचे गाणेही दर पिढीत नव्याने गावे लागते. गाणे अजून गावे लागते याचा अर्थ ते हरले असा होत नाही. त्याचे काम चालू आहे, इतकाच होतो.

आज श्रद्धेच्या विषयावर कुणी विनोदी गाणे केले की दोन टोकांची भांडणे लगेच पेटतात. एका बाजूला भावना दुखावल्याची तक्रार, दुसऱ्या बाजूला काहीही बोलण्याचा हक्क. दोन्ही बाजूंनी रोडग्याच्या भारुडाकडे पाहावे असे मला मनापासून वाटते. ज्यांच्या भावना दुखावतात त्यांनी हे ध्यानात घ्यावे की देवीच्या नवसाची नक्कल आपल्या परंपरेने शतकानुशतके स्वतःच सांभाळली, आणि त्याने भवानीचे काही उणे झाले नाही. पैठणच्या संताला जे करता आले, ते आजच्या शाहिराला नाकारायचे कारण परंपरेत सापडत नाही. आणि विडंबन करणाऱ्यांनी त्याच गाण्यातली अट ओळखावी. ज्या गाण्याची नक्कल करायची ते अंतर्बाह्य माहीत हवे, त्याचा ताल आणि बांधणी हाताखाली हवी, ते गाणाऱ्या माणसांबद्दल आस्था हवी, आणि हसण्याचा रोख बलाढ्य वृत्तींवर, विशेषतः आपल्यातही वसणाऱ्या लोभावर हवा. या अटी कायद्याने लादता येत नाहीत आणि लादू नयेत. पण त्या पाळणारे गाणेच लक्ष्य झालेल्या माणसांच्या तोंडी बसते; न पाळणारे गाणे चार दिवस गाजते आणि त्याच्या निमित्ताने झालेले भांडणच तेवढे मागे उरते. मराठी विनोदाची सर्वांत जुनी आणि खोल शिकवण एका सुनेच्या नवसात आहे: ज्याची थट्टा करायची त्याच्या पंगतीला बसायची तयारी असेल, तरच ती थट्टा करावी.